इंग्रजीतील विभाज्य क्रियापदे व त्यांचा शब्दक्रम

इंग्रजी वाक्यरचनेतील ज्या थोड्या गोष्टी मराठी मुलास वारंवार चकवितात, त्यांत क्रियापदामागून येणाऱ्या लहान शब्दाचे स्थान ही एक महत्त्वाची गोष्ट होय. ‘पुट ऑन युअर कॅप’ हे वाक्य मूल बिनचूक म्हणते. परंतु टोपीचा उल्लेख एकदा झाल्यावर ‘ती घाल’ एवढेच सांगावयाचे असले, की तेच मूल ‘पुट ऑन इट’ असे म्हणून मोकळे होते. शुद्ध वाक्य ‘पुट इट ऑन’ असे आहे. उलट ‘लुक ॲट द बर्ड’ या वाक्यात पक्ष्याऐवजी सर्वनाम घालताना ‘लुक ॲट इट’ असेच म्हणावे लागते. ‘लुक इट ॲट’ ही रचना इंग्रजीत नाही. एके ठिकाणी सर्वनाम मध्ये शिरते, दुसऱ्या ठिकाणी शिरत नाही. हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न विचारणाऱ्या मुलास ‘ते पाठच करावयाचे असते’ एवढेच उत्तर देणे शिक्षकास शोभणारे नाही. सुदैवाने या प्रश्नाची किल्ली आपण मराठी व्याकरणाच्या तासाला रोज हाताळीत असतो. ती या तासालाही कशी लावावी, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. चूक कोठून येते?

महाराष्ट्रात इंग्रजीचा आरंभ पूर्वी बराच काळ पाचवीपासून होत असे. २००० सालापासून तो पहिलीपासून होऊ लागला. त्यामुळे हा विषय आता प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेत पूर्णपणे आला आहे. तळेगाव दाभाड्याजवळील वराळे हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील या टापूत एका बाजूस भाताची खाचरे व दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहत, असा शेजार आहे. येथील मुलाच्या कानावर इंग्रजी शब्द पडत नाहीत असे मुळीच नाही. माल वाहणाऱ्या लहान मोटारीस तो ‘पिकअप’ म्हणतो. ‘मोबाइल स्विच ऑफ आहे’, ‘फॉर्म फिल अप कर’, ‘लॉग इन होत नाही’ ही वाक्ये तो घरी ऐकतो व स्वतःही बोलतो.

चुकीचे मूळ येथेच आहे. मराठीने हे शब्द उचलले ते दोन्ही तुकडे सांधून उचलले. ‘मोबाइल स्विच ऑफ कर’ किंवा ‘तो स्विच ऑफ कर’ असे आपण म्हणतो. या दोन तुकड्यांच्या मध्ये ‘तो’ कधीच येत नाही. म्हणून मुलाच्या मनात ‘स्विच ऑफ’ हा एकच अखंड शब्द ठसतो आणि इंग्रजी बोलताना तो साहजिकच ‘स्विच ऑफ इट’ असे म्हणतो.

यास मराठीच्या स्वभावाचीही जोड मिळते. आपली संयुक्त क्रियापदे कर्माला सहसा आत येऊ देत नाहीत. ‘पुस्तक देऊन टाक’ याचा अर्थ पुस्तक कायमचे दे, असा होतो. तेच ‘देऊन पुस्तक टाक’ असे फिरविले, की आधी काही तरी द्यावयाचे व मग पुस्तक खाली टाकावयाचे, असा निराळाच अर्थ निघतो. अशा भाषेत वाढलेल्या मुलाने क्रियापदाचे दोन भाग एकत्र ठेवावेत, यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. तो आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळीत असतो. शिक्षकाने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. म्हणजे दुरुस्ती करताना स्वर आपोआप सौम्य राहील.

२. लहान शब्द अर्थ कसा पालटतो?

इंग्रजीत क्रियापद व लहान शब्द यांच्या अशा जोडीस ‘फ्रेजल व्हर्ब’ असे म्हणतात. लोगन पियर्सल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे नाव वापरले व ते ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे नमूद केले. आपण त्यास अव्यययुक्त क्रियापद म्हणू.

मूळ क्रियापदाचा अर्थ लहान शब्दाने पालटतो, ही कल्पना मुलांना नवी नाही. ‘हार’ या शब्दास आ, वि, प्र, सम् हे उपसर्ग लागले, की आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. त्याचप्रमाणे ‘गिव्ह’ म्हणजे देणे. परंतु ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत करणे, ‘गिव्ह आउट’ म्हणजे वाटणे आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. फरक इतकाच, की आपला उपसर्ग शब्दाच्या आधी येऊन त्याला कायमचा चिकटला. इंग्रजीचा लहान शब्द मागून येतो आणि सुटा राहतो.

लहान शब्दाने क्रियापदापासून दूर जाऊन बसावे, हे मुलांना चमत्कारिक वाटेल. शिक्षकास तसे वाटण्याचे कारण नाही. वैदिक संस्कृतात उपसर्ग धातूपासून सुटा राहू शकत असे. उपसर्ग धातूच्या पूर्वी यावा, हा सामान्य नियम सांगून पाणिनीने लगेच पुढे म्हटले आहे, की वेदांत तो धातूनंतरही येतो आणि मध्ये इतर शब्दांचे अंतर पडूनही येतो. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात हे विवेचन आहे. जर्मन भाषेत तर अशी सुटी होणारी क्रियापदे आजही नित्याच्या वापरात आहेत.

३. किल्ली: क्रियाविशेषण की शब्दयोगी?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये फलकावर लिहावीत.

मुलगा वर चढला.
मुलगा झाडावर चढला.

दोन्ही वाक्यांत ‘वर’ आहे. पहिल्या वाक्यातील ‘वर’ स्वतंत्र असून तो क्रियापदाविषयी माहिती देतो. म्हणून ते क्रियाविशेषण अव्यय. दुसऱ्या वाक्यातील ‘वर’ नामास जोडून आला आहे. म्हणून ते शब्दयोगी अव्यय. ‘तो मागे राहिला’ व ‘घरामागे विहीर आहे’ या वाक्यांतही हाच भेद आहे. शब्दांच्या आठ जाती शिकविताना हा भेद आपण दरवर्षी सांगतो.

इंग्रजीत नेमके हेच घडते. ‘ऑफ’ हा एकच शब्द पाहा.

टेक ऑफ युअर कॅप. (टोपी काढ.)
गेट ऑफ द ट्रेन. (गाडीतून उतर.)

पहिल्या वाक्यातील ‘ऑफ’ क्रियापदाचा सोबती आहे. ‘टेक’ व ‘ऑफ’ मिळून काढणे ही एक क्रिया होते. दुसऱ्या वाक्यातील ‘ऑफ’ नामाचा सोबती आहे. मराठीत तो ‘गाडीतून’ या शब्दातील ‘तून’ होऊन नामाला चिकटला. म्हणून सर्वनाम घालताना पहिले वाक्य ‘टेक इट ऑफ’ असे होते आणि दुसरे ‘गेट ऑफ इट’ असेच राहते. शब्दयोगी अव्ययास नामापासून किंवा सर्वनामापासून तोडता येत नाही. आपल्याकडे ते मागून चिकटते, इंग्रजीत पुढे उभे राहते. पण सोबत सोडीत नाही.

इंग्रजी वैयाकरणांनीही ही गोष्ट ओळखली होती. अमेरिकन अभ्यासक आर्थर केनेडी यांनी १९२० साली या जोड्यांवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच त्यांना क्रियापद व क्रियाविशेषण यांचा संयोग असे म्हटले आहे.

भेद स्पष्ट करण्यासाठी आणखी एक जोडी वरच्या वर्गांत उपयोगी पडते. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप द बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवले. दिसावयास दोन्ही वाक्ये सारखीच आहेत. परंतु सर्वनाम घातले, की एक ‘ही रॅन अप इट’ व दुसरे ‘ही रॅन इट अप’ असे होऊन दोहोंचे स्वरूप उघड होते.

४. चार नियम

वरील भेद समजल्यावर नियम थोडेच उरतात.

पहिला नियम: लहान शब्द क्रियाविशेषण असेल व कर्म नाम असेल, तर नाम शेवटी किंवा मध्ये, कोठेही चालते. ‘पिक अप द चॉक’ व ‘पिक द चॉक अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.

दुसरा नियम: लहान शब्द क्रियाविशेषण असेल व कर्म सर्वनाम असेल, तर सर्वनाम मध्येच आले पाहिजे. ‘पिक इट अप’ हेच शुद्ध. मी, यू, हिम, हर, इट, अस, देम या सातही सर्वनामांस हा नियम लागतो. ‘वेक हिम अप’, ‘ब्रिंग देम बॅक’.

तिसरा नियम: लहान शब्द शब्दयोगी असेल, तर काहीही मध्ये येत नाही. ‘लुक आफ्टर द बेबी’, ‘लुक आफ्टर हर’. ‘वेट फॉर द बस’, ‘वेट फॉर इट’. ज्या क्रियापदास दोन लहान शब्द लागतात, तेथेही शेवटचा शब्द शब्दयोगीच असतो. म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू इट’ व ‘पुट अप विथ इट’ या रचना फुटत नाहीत.

चौथा नियम: कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटी ठेवावे. ‘फिल इन द फॉर्म्स दॅट द टीचर गेव्ह यू यस्टर्डे’ असे म्हणावे. येथे ‘इन’ पार शेवटी नेला, तर ऐकणारा ‘फिल’चा अर्थ पूर्ण होण्याची वाट पाहत थांबतो व वाक्याचा धागा सुटतो.

‘गेट अप’, ‘सिट डाऊन’ यांसारखी क्रियापदे अकर्मक असल्यामुळे तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. काही वाक्प्रचारांत शब्दांचा क्रम रूढीने ठरून गेलेला असतो.  असे प्रयोग जसे भेटतील तसे सांगावेत. आरंभी त्यांची यादी करून मुलांना भिववू नये.

५. सर्वनाम मध्येच का?

चौकस मुले हा प्रश्न विचारतील व तो विचारलाच पाहिजे. मराठीत ज्या शब्दावर भर द्यावयाचा, तो बहुधा क्रियापदाच्या अगदी अलीकडे येतो. ‘रामाला पुस्तक दे’ आणि ‘पुस्तक रामाला दे’ या वाक्यांतील भेद कानाला चटकन कळतो. विभक्तिप्रत्ययांमुळे शब्द हलविले तरी आपला अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत नामांना तसे प्रत्यय राहिलेले नाहीत. तेथे पुष्कळसे काम जागेवरून होते आणि साध्या वाक्यात भराची जागा बहुधा शेवटची असते.

आता ‘इट’ हा शब्द कशासाठी येतो? ज्या वस्तूचा उल्लेख आधीच झाला, तिच्यासाठी. म्हणजे त्यात नवे काही नाही. जुन्या, ठाऊक असलेल्या गोष्टीस शेवटची भराची जागा देण्याचे प्रयोजन नसते. म्हणून ‘इट’ मध्ये जाते व त्या जागी ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ येतो. टोपी ठाऊकच आहे. ती घालावयाची की काढावयाची, हेच महत्त्वाचे. ‘पुट इट ऑन’ म्हणताना आघातही ‘ऑन’वर पडतो, ‘इट’ ओझरते उच्चारले जाते. नवी वस्तू सांगावयाची असेल, तर मात्र ‘पुट ऑन द रेड कॅप’ असे म्हणून तांबड्या टोपीस शेवटची जागा देता येते.

६. शब्द कोणत्या जातीचा, हे कसे ओळखावे?

मराठी भाषांतराची कसोटी आरंभी उपयोगी पडते. परंतु ती सर्वत्र लागू होत नाही. ‘लुक फॉर द पेन’ याचे मराठी ‘पेन शोध’ असे होते व त्यात शब्दयोगी अव्यय दिसत नाही. तरीही ‘फॉर’ हा शब्दयोगीच आहे. यास्तव शिक्षकाने पुढील तीन गट वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावेत.

पहिला गट, नेहमी नामासोबत राहणारे: ॲट, फॉर, फ्रॉम, ऑव्ह, विथ, इनटू, आफ्टर. यांत सर्वनाम मध्ये येत नाही.

दुसरा गट, बहुधा क्रियापदासोबत राहणारे: अवे, बॅक, आउट, टुगेदर. सकर्मक क्रियापदास हे लागले, की सर्वनाम मध्ये येते.

तिसरा गट, दोन्हीकडे वावरणारे: ऑन, ऑफ, इन, अप, डाऊन, ओव्हर, थ्रू. यांतील शब्द आढळल्यास अर्थ पाहावा. लहान शब्द क्रिया पूर्ण करतो, की नामाचे ठिकाण दाखवितो, असा प्रश्न विचारावा. ‘टर्न ऑन द फॅन’ यात पंख्यावर काहीच ठेवावयाचे नाही. ‘ऑन’ने क्रिया पूर्ण झाली आहे. ‘सिट ऑन द मॅट’ यात चटई हे बसण्याचे ठिकाण आहे. म्हणून ‘टर्न इट ऑन’, पण ‘सिट ऑन इट’.

‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ यांचा उच्चार आपल्याकडे पुष्कळदा सारखाच केला जातो. या पाठाच्या वेळी तरी ते स्पष्टपणे वेगळे उच्चारावेत.

७. वर्गातील पाठ

साहित्य: पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, एक टोपी, खडू, रद्दी कागद व वह्या. विजेचा दिवा किंवा पंखा असल्यास उत्तम.

पहिली पायरी, ऐकणे व करणे: शिक्षकाने ‘पिक अप द चॉक’ म्हणावे, मुलाने खडू उचलावा. लगेच ‘पुट इट डाऊन’ म्हणावे; मुलाने तो खाली ठेवावा. पुढे ‘पुट ऑन द कॅप’, ‘टेक इट ऑफ’. ‘स्विच ऑन द लाइट’, ‘स्विच इट ऑफ’. ‘गिव्ह आउट द नोटबुक्स’, ‘गिव्ह देम बॅक’. प्रत्येक जोडीत प्रथम नाम व नंतर सर्वनाम यावे. या वेळी नियम सांगू नये. कानाला वळण लागू द्यावे. आज्ञा ऐकून कृती करण्याची ही रीत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात पद्धत म्हणून मांडली. मोठ्या पटाच्या शाळेतही ती चालते, कारण तीस लागणारे सामान वर्गातच असते.

दुसरी पायरी, पट्ट्यांची रांग: चार पट्ट्यांवर ‘पुट’, ‘ऑन’, ‘द कॅप’, ‘इट’ असे लिहावे. प्रथम पहिल्या तीन पट्ट्या घेऊन तीन मुलांनी उभे राहावे. ‘द कॅप’ची पट्टी धरलेल्या मुलाने एकदा शेवटी व एकदा मध्ये उभे राहावे आणि वर्गाने दोन्ही वाक्ये म्हणावीत. नंतर त्याने बसावे व त्याच्या ऐवजी ‘इट’ने यावे. ‘इट’ शेवटी उभा राहिला, की वर्गाने मान हलवावी. मध्ये आला, की वाक्य एका सुरात म्हणावे. शब्दक्रम डोळ्यांना दिसला म्हणजे तो विसरला जात नाही.

तिसरी पायरी, भेद: आता ‘लुक’, ‘ॲट’, ‘द बर्ड’, ‘इट’ या पट्ट्या घ्याव्यात. येथे ‘ॲट’ व त्यापुढील पट्टी धरणाऱ्या मुलांनी परस्परांचा हात धरावा. ‘इट’ आले तरी हात सुटत नाही, हे मुले पाहतील. याच वेळी ‘वर चढला’ व ‘झाडावर चढला’ या वाक्यांची आठवण द्यावी व नियम मुलांकडूनच वदवून घ्यावा.

पहिली व दुसरी इयत्ता असेल, तर पहिल्या पायरीवरच थांबावे. दुसरी पायरी तिसरी-चौथीसाठी आहे. तिसरी पायरी व नियमांची भाषा मराठी व्याकरण थोडे झाल्यावर, म्हणजे पाचवीपासून घ्यावी.

८. दुरुस्ती कशी करावी?

मूल ‘स्विच ऑफ इट’ म्हणाले, तर ‘चूक’ असे म्हणून त्यास खाली बसवू नये. आपण शांतपणे ‘येस, स्विच इट ऑफ’ असे म्हणावे व दिवा त्याच्याच हातून बंद करवावा. अर्थ पोहोचला याची पावती मिळते आणि शुद्ध रूपही कानावर पडते.

या सौम्यपणास कारण आहे. आपल्या शाळांतील पुष्कळ मुलांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. ज्यांचे आईवडील खाचरात भात लावतात किंवा कारखान्यात पाळीवर जातात, त्या मुलांना पूर्ण इंग्रजी वाक्य पहिल्याने ऐकू येते ते आपल्याच तोंडून. असे मूल एकदा हसण्याचा विषय झाले, तर ते पुढे तोंड उघडीत नाही. आणि न बोलणाऱ्याची चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही. उद्या हेच मूल यंत्रापाशी उभे राहील. तेथे ‘टर्न इट ऑफ’ ही सूचना कानी पडताच अर्थ उमगला पाहिजे. ‘टर्न’ व ‘ऑफ’ यांमध्ये ‘इट’ आले म्हणून घोटाळण्यास तेथे अवकाश नसतो. त्या क्षणाची तयारी शाळेतील खडू व टोपी यांवरच होते.

९. स्वाध्याय

पुढील वाक्यांत नामाऐवजी योग्य सर्वनाम घालून वाक्ये पुन्हा म्हणवून घ्यावीत.

(१) पुट आउट द लॅम्प.
(२) वेट फॉर द बस.
(३) ब्रिंग बॅक द बकेट.
(४) लुक आफ्टर द गोट्स.
(५) थ्रो अवे द पेपर्स.
(६) गेट ऑन द ट्रेन.

उत्तरे: (१) पुट इट आउट. (२) वेट फॉर इट. (३) ब्रिंग इट बॅक. (४) लुक आफ्टर देम. (५) थ्रो देम अवे. (६) गेट ऑन इट.

सहावे वाक्य मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ‘ऑन’ पाहताच काही मुले ‘गेट इट ऑन’ म्हणतील. अशा मुलांस ‘गाडीत चढ’ हे मराठी वाक्य म्हणावयास सांगावे आणि ‘गाडीत’ यातील ‘त’ कोणास चिकटला आहे, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर ती स्वतःच देतील. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात ऐकलेली अशी दोन-तीन वाक्ये टिपून आणल्यास वरील तीन गटांत भर घालता येईल व परिसरातील सर्व शाळांना तिचा उपयोग होईल.